प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची जोडी: पैसे टाकण्याआधी कोण कोणासाठी थांबतंय ते मोजा

कापसाचा हिशेब झाला, केळीचे पैसे हातात आले किंवा मुलाला पहिली नोकरी लागली, की खान्देशातल्या बऱ्याच घरांत गेमिंग पीसीचा विषय निघतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चक्कर होते आणि काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "भाऊ, कोणतं कार्ड घेऊ?" हा प्रश्न अर्धाच आहे. तेच कार्ड एका मित्राकडे सरळ चालतं आणि दुसऱ्याकडे गर्दीच्या प्रसंगात झटके देतं, कारण कार्डासोबतचा प्रोसेसर, रॅम, मॉनिटर आणि खेळला जाणारा गेम दोघांकडे वेगळा असतो. घरच्यांनी कष्टाने दिलेले पैसे चुकीच्या भागात जाऊ नयेत, म्हणून पुढची मांडणी क्रमाने केली आहे. त्याच क्रमाने जा, दुकानाची पायरी अगदी शेवटी येते.

एक फ्रेम तयार कशी होते

पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन ठिकाणांहून जातं. शत्रू कुठे आहे, गोळी कोणाला लागली, रस्त्यावरच्या गाड्या कुठे वळल्या, तुम्ही कोणती कळ दाबली, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि "हे हे काढ" अशा आज्ञांची यादी कार्डाला देतो. कार्ड त्या यादीप्रमाणे लाखो ठिपके रंगवतं. आपल्याकडे खापरावरचे मांडे होतात तसंच हे आहे. एक बाई हातावर मांडा वाढवते, खापर तो भाजतं. हातावरचा मांडा तयार नसेल तर तापलेलं खापर रिकामं राहतं, आणि खापर एकच असेल तर दोघी करायला बसल्या तरी दुसरीचा मांडा हातावरच थांबतो. दोघांपैकी जो सावकाश, त्याच्या वेगाने काम चालतं.

हे आकड्यांत बघा. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. समजा तुमचा प्रोसेसर एका फ्रेमला ८ मिलिसेकंद घेतो आणि कार्ड ११. मग पडद्यावर सुमारे ९० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) दिसतील, कारण कार्ड सावकाश आहे. आता सेटिंग कमी केली आणि कार्डाचा वेळ ६ वर आला. हिशेबाने १६६ व्हायला हवेत, पण आकडा १२५ वरच अडतो, कारण ८ मिलिसेकंद घेणारा प्रोसेसर आता आडवा आला. इथे कितीही महाग कार्ड लावलं तरी १२५ चे १३० होणं कठीण. या एका गणितात जोडीचा सगळा विषय आहे.

रिझोल्यूशन वाढवलं की ठिपके वाढतात, म्हणजे भार कार्डावर पडतो. १०८० पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख ठिपके. १४४० पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख, आणि फोर-के म्हणजे सुमारे ८३ लाख, १०८० पीच्या बरोबर चौपट. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं, कारण शत्रू तेवढेच असतात. म्हणूनच एकाच जोडीत १०८० पीवर प्रोसेसर कमी पडतो आणि फोर-केवर कार्ड. नेटवर मिळणारे "बॉटलनेक कॅल्क्युलेटर", म्हणजे कोणता भाग अडवतोय ते सांगणारे, दोन भागांची नावं घेऊन एक टक्केवारी काढून देतात. त्या आकड्यावर खरेदी ठरवू नका. गेम, सेटिंग आणि त्यातला नेमका प्रसंग बदलला की उत्तर बदलतं, ते एका आकड्यात बसत नाही.

पहिली पायरी: कागदावर तीन गोष्टी लिहा

कोणते गेम खेळता, मॉनिटर किती रिझोल्यूशनचा आणि किती हर्ट्झचा (सेकंदाला किती चित्रं दाखवणारा) आहे, आणि किती एफपीएसवर तुमचं समाधान होईल.

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ सारख्या स्पर्धेच्या गेममध्ये लोक सेटिंग कमी ठेवून जास्तीत जास्त एफपीएस मागतात. तिथे भार प्रोसेसरवर येतो. सिटीज स्कायलाइन्ससारखे शहर उभारायचे गेम किंवा मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या) भरलेलं माइनक्राफ्ट हेही प्रोसेसरवर अवलंबून असतात. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ वरच्या सेटिंगला खेळायचे असतील, तर पैसा आधी कार्डाकडे वळवा. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश आणि प्रतिबिंबांचा खऱ्यासारखा हिशेब) लावलं तर कार्डासोबत प्रोसेसरचंही काम वाढतं, हे मात्र लक्षात असू द्या.

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रं तो दाखवू शकत नाही. ज्याच्याकडे असा मॉनिटर आहे आणि जो गोष्टीप्रधान गेम खेळतो, त्याने १५० एफपीएससाठी प्रोसेसर बदलण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मॉनिटर बदलला तर डोळ्यांना फरक जाणवेल.

दुसरी पायरी: फुकटात किंवा थोड्या खर्चात होणाऱ्या दुरुस्त्या

बऱ्याच "कमी पडणाऱ्या" पीसींचं दुखणं इथेच सापडतं.

मॉनिटरची केबल मदरबोर्डला लागली आहे की ग्राफिक्स कार्डला, ते मागे वाकून बघा. नवा पीसी घरी आणून जोडताना ही केबल बोर्डाला जोडली जाण्याचे प्रकार सर्रास होतात. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा हर्ट्झ बघा. १४४ चा मॉनिटर ६० वर चालत पडलेला असतो.

यानंतर रॅम. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर ती सिंगल चॅनेलमध्ये चालते, म्हणजे प्रोसेसरला माहिती मिळण्याचा रस्ता निम्माच रुंद राहतो. ८-८ च्या दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावा. बोर्डाला चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असते, ती बघूनच लावा. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करा; एएमडीच्या नव्या बोर्डांवर त्याला एक्सपो म्हणतात. ते बंद असेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० ला चालते. प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये याचा फरक स्पष्ट दिसतो, विशेषतः झटके कमी होतात. दोन पट्ट्यांचा हा मुद्दा मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, कारण इतक्या कमी खर्चात एवढा फायदा देणारा दुसरा बदल नाही.

बायोसमध्ये असतानाच रिसायझेबल बार हा पर्याय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा) सुरू आहे का तेही बघून घ्या.

तिसरी पायरी: मोजा

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं आणि त्यासोबत आकडे पडद्यावर दाखवणारं रिव्हाट्यूनर येतं. आफ्टरबर्नरच्या सेटिंगमध्ये मॉनिटरिंग टॅब उघडा. जीपीयू (म्हणजे कार्डाची चिप) वापर, जीपीयू तापमान, जीपीयू क्लॉक (तिचा वेग), व्हिडिओ मेमरी (कार्डावरची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगेचा) वेगळा वापर, प्रोसेसरचं तापमान, रॅम, फ्रेमरेट आणि फ्रेमटाइम यांना खूण करा आणि प्रत्येकासाठी ऑन-स्क्रीन डिस्प्ले सुरू करा. व्हॅलोरंटमध्ये असे आकडे दाखवण्याची सोय गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्येच आहे, तिथे बाहेरचं काही लावायची गरज नाही.

आता व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा. हे विसरलात तर पुढचे सगळे आकडे फसवे येतील, कारण ६० वर बांधलेला गेम कार्डाला पूर्ण काम देतच नाही. गेममधली एक ठरावीक जागा निवडा, शक्यतो गर्दीची. जीटीए ५ असेल तर भर शहरातला चौक, डोंगरातला रस्ता नको. तिथे पाच-दहा मिनिटं खेळा आणि आकडे वहीत लिहा.

वाचायचं असं. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय आणि प्रोसेसर त्याच्यासाठी थांबतोय. गोष्टीप्रधान गेमसाठी ही चांगलीच अवस्था आहे. कार्डाचा वापर ६०-७० वर असेल आणि कोणतीही मर्यादा लावलेली नसेल, तर कार्ड रिकामं बसतंय आणि अडचण बहुधा प्रोसेसर किंवा रॅमकडे आहे. जीपीयू क्लॉकही सोबत बघा. भार कमी असला की कार्ड स्वतःचा वेग उतरवतं, आणि उतरलेल्या वेगावरचे ८० टक्के म्हणजे त्याची खरी ताकद वापरली गेली असं होत नाही.

प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर विश्वास ठेवू नका, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तर टास्क मॅनेजरमध्ये त्याचे ८ टक्केच दिसतात. गेमचं मुख्य काम बहुधा एक-दोन थ्रेडवरच असतं. एकूण वापर ४० टक्के दिसत असताना प्रोसेसर अडलेला असू शकतो. म्हणून वर प्रत्येक थ्रेड वेगळा बघायला सांगितलं. तिथेही एखादं कठीण काम विंडोज प्रोसेसरच्या एका कोअरवरून (स्वतंत्र काम करणाऱ्या भागावरून) दुसऱ्यावर हलवत असतं, त्यामुळे एकही थ्रेड १०० वर दिसला नाही तरी कार्डाचा कमी वापर हीच जास्त भरवशाची खूण समजा.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. तोच प्रसंग, रिझोल्यूशन १०८० पी वरून ७२० पी करा. एफपीएस भरपूर वाढले तर कार्ड अडत होतं. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर. शॅडो ऑफ द टूम रेडर आणि फोर्झा होरायझन ५ यांच्या आतल्या बेंचमार्कमध्ये प्रोसेसरचा आणि कार्डाचा आकडा वेगवेगळा मिळतो, हे गेम असतील तर काम आणखी सोपं.

सरासरीपेक्षा "वन पर्सेंट लो" हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमचा वेग त्यात कळतो. सरासरी ९० आणि वन पर्सेंट लो ३० असेल, तर खेळताना हाताला झटकेच लागतात. सरासरी ७० आणि लो ५५ असलेला पीसी खेळायला कितीतरी चांगला. सरासरी आणि लो यांत मोठं अंतर असेल तर प्रोसेसर, रॅम किंवा भरलेली व्हिडिओ मेमरी यांच्याकडे बघा. ४ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर (वस्तूंवरचे बारीक नक्षीचे चित्रपट्टे) वर ठेवले की मेमरी भरते आणि गेम अडखळतो. त्या वेळी दोष प्रोसेसरला दिला जातो, पण इलाज टेक्स्चर एक पायरी खाली आणण्यात असतो.

चौथी पायरी: सेटिंग बरोबर दिशेने फिरवा

कार्ड अडत असेल तर सावल्या, प्रतिबिंबं, रे ट्रेसिंग आणि रिझोल्यूशन कमी करा. प्रोसेसर अडत असेल तर यांना हात लावून फार मिळत नाही. तिथे गर्दीची घनता, रहदारी आणि किती लांबचं दिसावं याची सेटिंग खाली आणा.

डीएलएसएस आणि एफएसआर ही लहान चित्र मोठं करून दाखवण्याची तंत्रं कार्डाचा भार कमी करतात. १०८० पीवर क्वालिटी मोड लावला, की कार्ड आतून ७२० पी रंगवतं आणि चित्र मोठं करून दाखवतं. म्हणजेच तुम्ही वर केलेली चाचणीच आपोआप होते, आणि प्रोसेसर आधीच अडलेला असेल तर डीएलएसएस लावूनही एफपीएस वाढत नाहीत. फ्रेम जनरेशनची गोष्ट वेगळी. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मधे बनवलेली फ्रेम घालतं, म्हणून प्रोसेसर अडलेला असतानाही पडद्यावरचा आकडा वाढतो. पण माउसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमवरच चालतो आणि थोडा उशिराच होतो. खऱ्या ६० च्या आसपास मिळत असतील तरच ते लावा, आणि स्पर्धेच्या गेममध्ये नकोच.

पाचवी पायरी: जोडी निवडा

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. १०८० पीवर सर्व प्रकारचे गेम खेळणाऱ्यासाठी सहा कोअर, बारा थ्रेडचा प्रोसेसर हा पाया धरा. रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, सोबत आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० या वर्गातलं कार्ड. या जोड्यांत कोणी कोणाला फार थांबवत नाही. आय३-१२१००एफ चार कोअरचा असूनही चपळ आहे आणि आरएक्स ६६०० सोबत चांगला चालतो, फक्त नव्या मोठ्या गेममध्ये गर्दीच्या जागी त्याची दमछाक होते.

रायझन ५ ५५०० आणि ५६००जी नावाने ५६०० चे भाऊ वाटतात, पण त्यांच्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि ते पीसीआयई ३.० वरच, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या जुन्या, सावकाश रस्त्यावरच चालतात. सध्या कार्ड घ्यायचं नसेल तर ५६००जी योग्य, कारण त्यात ग्राफिक्स आतच आहे. कार्ड घ्यायचंच ठरलं असेल तर थोडे जास्त देऊन ५६०० घ्या.

पीसीआयईचा मुद्दा स्वस्त कार्डांत फार बोचतो. आरएक्स ६५०० एक्सटीला या रस्त्याच्या फक्त ४ लेन आहेत. बी४५० बोर्डावर किंवा दहाव्या पिढीच्या इंटेलवर, म्हणजे पीसीआयई ३.० वर, ते कार्ड लावलं आणि ४ जीबी मेमरी भरली की वेग फार पडतो. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ला ८ लेन आहेत, तिथे नुकसान थोडं होतं. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरीमुळे मोह पाडतं, पण त्याच्या ड्रायव्हरचं ओझं प्रोसेसरवर जास्त पडतं आणि रिसायझेबल बार नसेल तर ते खूपच मागे पडतं. नव्या प्रोसेसरवर चांगलं, जुन्या पीसीत टाकायला अजिबात नको.

ऑफिसातून निघालेले चौथ्या पिढीच्या आय५ चे पीसी बाजारात भरपूर येतात. कमी पैशांत सुरुवात म्हणून ते वाईट नाहीत. त्यांचा पॉवर सप्लाय लहान असतो आणि कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसते, म्हणून जादा वायर न लागणारं, ७५ वॉटचं जीटीएक्स १६५० हीच त्यांची मर्यादा समजा. कॅबिनेट बारीक असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच बसेल, माप घेऊनच बाजारात जा. त्या पीसीत आरटीएक्स ४०६० बसवायचा विचार करत असाल तर थांबा. त्यातले बरेच पैसे रिकाम्या बसणाऱ्या कार्डात जातील.

बारा कोअरचे जुने झिऑन आणि नव्याने बनवलेले एक्स९९ बोर्ड स्वस्तात मिळतात. व्हिडिओ रेंडर करायला ठीक. गेमला मात्र एका कोअरचा वेग लागतो आणि तो त्यांच्यात कमी आहे.

एएम४ (एएमडीच्या रायझनचा आधीचा सॉकेट) बोर्ड आधीच असेल तर भाग्य समजा. बायोस अपडेट करून पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या रायझनच्या जागी ५६०० बसवता येतो, आणि ५७०० एक्स३डी किंवा ५८०० एक्स३डी मिळाला तर स्पर्धेच्या गेममध्ये बोर्ड न बदलता मोठी झेप मिळते. ५८०० एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, गेमला ती फार मानवते. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, ती आधी बघा. बायोस आधी अपडेट करा, प्रोसेसर नंतर बदला.

आपल्या उन्हाळ्याचा हिशेब

पुण्या-मुंबईत बसून केलेल्या चाचण्यांत एक गोष्ट नसते: भुसावळ-जळगावचा मे महिना. पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. पंचवीस अंशांच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर पंचेचाळिसाच्या खोलीत नव्वदीला टेकतो, कारण खोलीची वाढ जवळपास जशीच्या तशी आत जमा होते. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, आय५-१२४००एफची १००. मर्यादा गाठली की चिप स्वतःचा वेग उतरवते. डिसेंबरात बरोबर असलेली जोडी मेमध्ये अडायला लागते ती यामुळे. तुमची मोजणी दुपारी आणि रात्री अशी दोन्ही वेळा करा, फरक दिसला तर नवा भाग घेण्याआधी कूलर, पंखे आणि थर्मल पेस्टचा विचार करा.

डेझर्ट कूलरची थेट हवा कॅबिनेटवर सोडू नका. खोली गार होते हे खरं, पण हवेत ओलावा आणि बारीक तुषारांसोबत पाण्यातले क्षार येतात. कूलर खिडकीत, पीसी झोतापासून बाजूला, आणि दुसरी खिडकी उघडी. काळ्या मातीची धूळ आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू जाळीवर बसतात, म्हणून जाळी काढून नियमित झटका. उन्हाळ्यात एफपीएसला मॉनिटरच्या हर्ट्झपेक्षा तीनने कमी मर्यादा घाला, १४४ असेल तर १४१. वीज आणि उष्णता दोन्ही कमी होतात आणि फ्रेमही समान अंतराने येतात.

विजेचं थोडक्यात. ५६०० आणि आरटीएक्स ४०६० ची जोडी खेळताना साधारण २५० वॉटच्या आसपास ओढते, त्यासाठी चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा सप्लाय पुरतो. बाजारातले ६०० व्हीएचे यूपीएस बहुधा ३६० वॉटचेच असतात, मॉनिटर धरून हजार व्हीएच्या पुढचा घ्या. अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

शेवटची पायरी: दुकान आणि त्यानंतर

पक्कं बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत बिघडलं तर सर्व्हिस सेंटर जळगाव-धुळ्यात आहे की कार्ड कुरिअरने पाठवावं लागेल, आणि तो खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा. जुनं कार्ड घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी एखादा जड गेम अर्धा तास चालवून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके, काळा पडदा किंवा पंख्याचा खरखराट आढळला तर परत या.

घरी आल्यावर कार्डाचा जुना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) डीडीयू या साधनाने पूर्ण काढा, नवा टाका. मग तिसऱ्या पायरीत वहीत लिहिलेली तीच जागा, त्याच सेटिंगला, त्याच वेळी पुन्हा मोजा. सरासरी आणि वन पर्सेंट लो दोन्ही वाढले का, आणि आता कार्डाचा वापर किती दिसतो, ते लिहून ठेवा. अपेक्षेपेक्षा फारच कमी फरक असेल तर रॅमचा वेग, केबल आणि तापमान पुन्हा तपासा. हे सगळं दुकानदाराच्या बदलून देण्याच्या मुदतीत उरका.